एडिसनची यंत्रशाळा आणि बाबांची पडवी

माणूस गेल्यानंतर त्याच्या वस्तूंचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा उभा राहतो. धर्मगुरू या नात्याने अंत्यविधीनंतरच्या दिवसांत मी अनेक घरी गेलो आहे. कुठे आजोबांची काठी दाराआड तशीच टेकलेली असते, कुठे आईचे लुगडे ट्रंकेत घडी करून ठेवलेले असते, तर कुठे आठवड्याच्या आत सारे आवरून खोली भाड्याने देण्याची बोलणी सुरू झालेली असतात. आमच्या घरी हा प्रश्न २००४ साली उभा राहिला. तेव्हा आम्ही त्याचे जे उत्तर दिले, ते त्या वेळी मला मुळीच खटकले नव्हते. खटकू लागले ते तेरा वर्षांनी, आणि तेही वसईपासून हजारो मैल दूर, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एका जगप्रसिद्ध संशोधकाच्या यंत्रशाळेत उभा असताना.

२०१७ च्या उन्हाळ्यात मी तेथील एका धर्मग्रामात दोन महिने सेवेसाठी गेलो होतो. तिकडचे धर्मगुरू रजेवर गेले की आमच्यासारखे पाहुणे धर्मगुरू त्यांच्या जागी मिस्सा आणि इतर संस्कारांची जबाबदारी सांभाळतात. त्या धर्मग्रामातील एका निवृत्त शाळाशिक्षकांनी एके दिवशी मला विचारले, “फादर, न्यूयॉर्कच्या उंच इमारती सगळेच पाहतात. तुम्हांला एडिसनची प्रयोगशाळा पाहायची आहे का?” मी तत्काळ होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मोटारीतून आम्ही वेस्ट ऑरेंज या गावी पोहोचलो.

थॉमस अल्वा एडिसन म्हणजे विजेचा दिवा, हे समीकरण शाळेपासून आपल्या मनात पक्के बसलेले असते. त्यामुळे फाटकातून आत शिरताच, “तो पहिला दिवा कुठे ठेवला आहे?” असे मी विचारले. शिक्षक हसले. “तो दिवा इथला नव्हे,” ते म्हणाले. खरोखरच, १८७९ साली तो दिवा पेटला तो याच राज्यातील मेन्लो पार्क येथे. ती प्रयोगशाळा पुढे ओस पडली आणि मोडकळीस आली. एडिसनचा स्नेही व मोटार उद्योजक हेन्री फोर्ड याने १९२९ साली ती मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे नव्याने उभारली. म्हणजे दिव्याची प्रयोगशाळा आपल्या मातीतून उठून परराज्यात गेली. वेस्ट ऑरेंजची यंत्रशाळा मात्र जेथे बांधली तेथेच उभी आहे. १८८७ साली वयाच्या चाळिसाव्या वर्षी एडिसनने ती उभारली आणि १९३१ साली देह ठेवीपर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, त्याचे काम येथेच चालले. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कंपनीने ही जागा सांभाळली आणि पुढे अमेरिकी सरकारच्या स्वाधीन केली. १९६२ साली प्रयोगशाळा आणि जवळच असलेले त्याचे निवासस्थान मिळून एक राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. २००९ पासून ते ‘थॉमस एडिसन राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान’ या नावाने ओळखले जाते.

उद्यान हा शब्द ऐकून फुलझाडांची अपेक्षा करू नये. तांबड्या विटांची एक तीन मजली इमारत, सुमारे अडीचशे फूट लांब. तिच्या शेजारी काटकोनात ओळीने उभ्या असलेल्या चार बैठ्या इमारती. मध्ये फरसबंद अंगण. पाहताक्षणी मला मुंबईतील एखाद्या जुन्या गिरणीच्या आवाराची आठवण झाली. प्रतिभावंताच्या घरी आलो आहोत असे न वाटता पाळी बदलण्याच्या वेळेला आपण कारखान्याच्या दाराशी आलो आहोत, असे वाटले. दाराजवळच कामगारांच्या येण्याजाण्याची वेळ कार्डावर छापणारे घड्याळ होते. या घड्याळात मालकही आपले कार्ड छापीत असे, ही माहिती मला फार आवडली.

खालच्या मजल्यावर एडिसनचे वाचनालय आहे. उंच छत, भोवती लाकडी सज्जे, त्यांत हजारो ग्रंथ, आणि मध्ये सरकत्या झाकणाचे त्याचे मेज, कप्प्याकप्प्यांतून कागद खुपसलेले. एका कोनाड्यात अरुंद खाट आहे. रात्र रात्र काम करून हा गृहस्थ बाकावरच अंग टाकतो, हे पाहून त्याच्या पत्नीने ती तेथे ठेवविली, असे सांगतात. १९३१ च्या ऑक्टोबरात याच दालनात त्याचे पार्थिव लोकांच्या दर्शनासाठी ठेवले होते आणि हजारो माणसे त्याच्यासमोरून शांतपणे पुढे सरकली होती.

वाचनालयाच्या पलीकडे आहे साहित्याचे कोठार. एडिसनचा दंडक असा होता की, प्रयोग करणाऱ्याला जे लागेल ते तत्क्षणी हाताशी मिळाले पाहिजे. वस्तू मागवून तिची वाट पाहण्यात दिवस जाता कामा नये. म्हणून धातूंचे पत्रे, तारा, खिळे, स्क्रू आणि रसायने यांच्या जोडीला जनावरांची कातडी, केस, शिंगे, शिंपले अशा नाना तऱ्हेच्या वस्तू येथे साठविल्या जात. छतापर्यंत गेलेल्या त्या खणांकडे पाहताना मला एकदम हसू आले. अशी एक खोली मी पूर्वी पाहिली होती. ती आमच्या घराची मागची पडवी होती.

माझे बाबा मुंबईच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात फिटर होते. बिघडलेला माग दुरुस्त करणे हे त्यांचे काम. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि इतर हजारो गिरणी कामगारांबरोबर त्यांचीही नोकरी गेली. ते वसईला परतले. त्या काळी आमच्याकडील बागायतीत विहिरीविहिरीवर पाणी खेचणारी इंजिने आणि मोटारी बसविलेल्या होत्या. त्या दुरुस्त करण्याचे काम बाबांनी सुरू केले. मागच्या पडवीत एक जाड फळी, तिच्यावर लोखंडी व्हाइस, भिंतीवर कानशी, पाने, पकडी. आणि जमिनीपासून कौलांपर्यंत बिस्किटांचे डबे, औषधांच्या बाटल्या, तंबाखूच्या डब्या. प्रत्येकीत काही ना काही. मोडक्या सायकलीची चेन, घड्याळाच्या कमानी, रबराचे तुकडे. “हे कशाला ठेवता?” असे आईने विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे, “लागेल तेव्हा कुठे शोधू?” एडिसनच्या कोठाराचा दंडक आणि बाबांचे उत्तर यांत मला काही अंतर दिसेना.

कोठाराच्या पलीकडे मोठी यंत्रशाळा आहे. तिच्या दारात मात्र माझे पाऊल थबकले. छताखाली लांबच लांब दांडे, त्यांवर चाके, चाकांवरून खाली उतरलेले चामड्याचे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला एक यंत्र: लेथ, ड्रिल, मिलिंग मशीन. पूर्वी हे दांडे वाफेच्या इंजिनाने फिरत, पुढे विजेच्या मोटारींनी. आज सारे स्तब्ध आहे. वास मात्र अजून आहे. जुने तेल, लोखंडाचा कीस आणि लाकूड यांचा मिळून होणारा तो वास. गिरणीतून घरी आलेल्या बाबांच्या सदऱ्याला तोच वास येत असे. मी सेमिनरीत गेलो, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, पुस्तकांच्या वासाला सरावलो आणि हा वास विसरलो होतो. विसरलो होतो म्हणण्यापेक्षा, तो विसरावा असे मला वाटत होते, असे म्हणणे अधिक खरे होईल.

एडिसनच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंटे आहेत. पण या यंत्रशाळेत उभे राहिले की त्या आकड्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. एडिसन कागदावर एखादी आकृती काढी. ती धातूत उतरविणारे हात दुसऱ्यांचे असत. येथे यंत्रकारागीर, रसायनशास्त्रज्ञ, काच फुंकणारे, सुतार आणि आरेखक अशा माणसांचा ताफाच कामाला होता. ही मंडळी स्वतःला गमतीने ‘चिखल उपसणारे’ म्हणवीत. पेटंटावर मात्र बहुधा एकच नाव. यात एडिसनला खलनायक ठरविण्याचा माझा हेतू नाही. संशोधन ही एकट्याने अंधारात चाचपडण्याची गोष्ट नसून अनेकांनी मिळून रोज करायचे काम आहे, हे जगाला दाखविणारी प्रयोगशाळा त्यानेच उभी केली. शोधांचा कारखाना हाच कदाचित त्याचा सर्वांत मोठा शोध असावा. पण ज्यांच्या हातांनी तो कारखाना चालला, त्यांची नावे विचारल्याशिवाय तेथून बाहेर पडणे मला जड जाऊ लागले.

काही नावे टिकून राहिली आहेत, आणि ती किती विलक्षण कारणांनी! अंगणात ‘ब्लॅक मरिया’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या चित्रीकरणगृहाची प्रतिकृती आहे. मूळ वास्तू १८९३ सालची. डांबरी कागदाने मढविलेली ही काळी कोठी रुळांवर गोल फिरविता येई आणि तिचे छप्पर उघडता येई, म्हणजे सूर्य जिकडे असेल तिकडे तोंड करून चित्रीकरण करता यावे. एडिसनचा सहायक विल्यम डिक्सन याने चलच्चित्रांच्या कॅमेऱ्यावर येथे पुष्कळ काम केले. १८९४ च्या जानेवारीत फ्रेड ऑट नावाच्या कारागिराला कॅमेऱ्यासमोर उभे करून त्याची शिंक चित्रित करण्यात आली. काही सेकंदांची ती शिंक आज चित्रपटाच्या इतिहासात अमर झाली आहे. आयुष्यभर यंत्रांवर राबलेला माणूस जगाला माहीत आहे तो एका शिंकेमुळे!

दुसरे नाव क्लॅरन्स डॅली याचे. १८९५ च्या अखेरीस जर्मनीत रॉंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी एडिसनने त्या किरणांवर प्रयोग सुरू केले. डॅली हा काच फुंकणारा कारागीर. क्ष-किरणांच्या नळ्यांची परीक्षा घेताना तो वारंवार स्वतःचाच हात त्यांच्यासमोर धरीत असे. त्या किरणांची हानी तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. आधी त्वचा जळाली, मग कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो मरण पावला. त्याचे वय चाळिशीच्या आतच होते. एडिसनने आजारपणात त्याला वेतन चालू ठेवले आणि क्ष-किरणांवरील काम कायमचे सोडून दिले. हाडांचा फोटो काढण्यासाठी आपण आज निर्धास्तपणे यंत्रासमोर उभे राहतो. त्या निर्धास्तपणाची किंमत मोजणाऱ्यांत हा एक कारागीरही होता. त्याचे नाव ऐकल्यावर मी क्षणभर डोळे मिटले. शिक्षकही काही बोलले नाहीत.

येथे यशाइतकेच अपयशही जपलेले आहे, हे मला विशेष वाटले. १८९० च्या दशकात हलक्या प्रतीच्या दगडातून चुंबकाच्या साहाय्याने लोखंड वेगळे काढण्यासाठी एडिसनने डोंगर फोडणारी प्रचंड यंत्रे उभारली. पण दूरच्या खाणींत उत्तम खनिज स्वस्तात मिळू लागले आणि त्याचा सारा पैसा बुडाला. दगड दळण्याचे जे ज्ञान उरले, ते त्याने सिमेंट बनविण्याच्या कामी आणले. नव्या विद्युत्‌घटासाठी तो सुमारे दहा वर्षे झटला. पहिला घट बाजारात आला, तो गळू लागला. तेव्हा त्याने उत्पादन थांबविले आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागला. १९१४ च्या डिसेंबरात आग लागून भोवतालचे कारखाने जळाले. ही प्रयोगशाळा मात्र वाचली. तेव्हा सदुसष्ट वर्षांचा असलेला हा माणूस लागलीच पुनर्बांधणीला लागला. मोठेपणाची ही बाजू विजेच्या दिव्यापेक्षा आपल्या मुलांना अधिक सांगावी, असे मला वाटते.

वरच्या मजल्यावर संगीताची खोली आहे. फोनोग्राफचा शोध १८७७ चा, मेन्लो पार्कचा. पण त्याला बाजारात आणण्याजोगे रूप मिळाले ते येथे. भोवती पियानो, कर्णे, मेणाच्या नळ्या. तेथे शिक्षकांनी मला एक गोष्ट सांगितली. एडिसन लहानपणापासूनच कमी ऐकू येणारा, आणि वय वाढले तसा जवळजवळ बहिरा. तरीही आपल्या कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांसाठी कोणता गायक चांगला, याचा निवाडा तो स्वतः करी. तो ऐकत असे कसा? फोनोग्राफच्या किंवा पियानोच्या लाकडात तो दात रोवी. लाकडातील कंपने दातांवाटे, कवटीच्या हाडांवाटे आत पोहोचत आणि त्याला संगीत ऐकू येई.

हे ऐकले आणि माझ्या पायांतले बळ गेले. मी खोलीतल्या बाकावर बसलो.

साचेखात्यातील शेकडो मागांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना तेथील कामगारांच्या कानांची दशा ठाऊक असेल. चाळिशीतच बाबांना ऐकू येईनासे झाले होते. त्यांच्याशी ओरडून बोलावे लागे आणि तेही ओरडून बोलत. त्यांची एक सवय होती. चर्चमध्ये ते नेहमी गायकवृंदाजवळ बसत आणि गीत सुरू झाले की हार्मोनियमच्या पाठीवर आपला पंजा सपाट टेकवून ठेवीत. कधी कधी मान डोलवून मोठ्याने गातही. सूर अर्थातच कुठल्या कुठे. गावातील मुले हसत. १९९६ साली माझा दीक्षाविधी झाला आणि गावच्या चर्चमध्ये मी माझी पहिली मिस्सा अर्पण केली. बिशप महाशय येणार होते, बाहेरगावचे पाहुणे होते, व्हिडिओ चित्रण होते. आदल्या रात्री मी थोरल्या भावाला बाजूला घेऊन सांगितले, “बाबांना उद्या पहिल्या बाकावर बसव. हार्मोनियमपाशी नको. बरे दिसत नाही.” भावाने तसेच केले. बाबा पहिल्या बाकावर, नव्या सदऱ्यात, हात मांडीवर ठेवून मिस्सा संपेपर्यंत निश्चल बसून होते. ते गात नाहीत, म्हणून मला हायसे वाटले होते.

तो पंजा ही म्हाताऱ्या माणसाची लकब आहे, असे मी एकवीस वर्षे समजत होतो. तो त्यांचा कान होता. माझ्या पहिल्या मिस्सेतील एकही गीत त्यांना ऐकू आले नाही, आणि ते येऊ नये अशी व्यवस्था मी स्वतः केली होती.

पुढचे काही पाहण्याची माझी इच्छा उरली नव्हती. पण शिक्षकांनी आग्रहाने एक बाहुली दाखविली. १८९० साली एडिसनच्या कारखान्याने पोटात चिमुकला फोनोग्राफ असलेल्या बोलक्या बाहुल्या विक्रीला आणल्या. त्या नाजूक होत्या, त्यांचा आवाज मुलांना आवडला नाही आणि काही आठवड्यांतच धंदा बंद पडला. पण गोष्ट अशी की, तेव्हा एका मुद्रिकेवरून दुसरी बनविण्याची सोय नव्हती. प्रत्येक बाहुलीसाठी कारखान्यातील मुली मुद्रणयंत्रासमोर बसून तेच बडबडगीत पुन्हा पुन्हा म्हणत. त्या मुद्रिका झिजल्या, वेड्यावाकड्या झाल्या. सुई टेकविली तर फुटतील अशी त्यांची अवस्था झाली. अलीकडे त्यांच्या पृष्ठभागाची सूक्ष्म प्रकाशचित्रे घेऊन, सुईचा स्पर्शही न करता, संगणकाच्या साहाय्याने त्यांतील आवाज परत मिळविण्यात आला आणि २०१५ साली तो लोकांना ऐकविण्यात आला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या कामकरी मुलींचे आवाज आज पुन्हा ऐकू येतात. त्यांची नावे कुणालाही ठाऊक नाहीत.

ही निगराणी पाहून माझी मान खाली गेली. या ठिकाणी सुमारे पन्नास लाख पृष्ठांची कागदपत्रे जतन केलेली आहेत. चिठ्ठ्या, हिशेब, फसलेल्या प्रयोगांच्या वह्या. आणि आम्ही? २००४ च्या पावसाळ्यापूर्वी, बाबांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, आम्ही दोघा भावांनी भंगारवाल्याला बोलावले आणि पडवी रिकामी केली. डबे, बाटल्या, कानशी, पाने, सारे वजनावर गेले. काट्यावर लोखंड किती भरते, एवढेच आम्ही पाहिले. त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिफीत आमच्याकडे नाही.

दुपारी आम्ही एडिसनचे घर पाहिले. ल्युएलिन पार्क या निवांत वसाहतीत ‘ग्लेनमाँट’ नावाचे हे एकोणतीस खोल्यांचे घर आहे. पहिली पत्नी १८८४ साली वारल्यावर एडिसनने १८८६ साली मीना मिलर हिच्याशी विवाह केला आणि तिच्यासाठी हे घर, आतील सामानासकट, विकत घेतले. मीना मेथॉडिस्ट पंथाच्या श्रद्धाळू कुटुंबातील होती. तिचे वडील लुइस मिलर हेही शेतीची यंत्रे शोधणारे. एडिसनने तिला मोर्स संकेतलिपी शिकविली होती. विवाहाची मागणी त्याने तिच्या तळहातावर टिचक्या मारून घातली आणि तिनेही तशाच टिचक्यांनी होकार दिला, असे तो स्वतः सांगत असे. ज्याला ऐकू येत नव्हते त्याने आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द तळहाताने ऐकला! या घरात त्यांची मुले वाढली. त्यांची कन्या मॅडेलिन १९१४ साली एका कॅथॉलिक तरुणाशी येथेच विवाहबद्ध झाली. घर आजही घरासारखेच ठेवलेले आहे. जेवणाचे टेबल, पियानो, वरच्या मजल्यावरील बैठकीत नवराबायकोची मेजे. घर सांभाळणे हेही एक कार्यालय सांभाळण्याइतके जबाबदारीचे काम आहे, असे मीना मानीत असे. आणि पतीच्या मृत्यूनंतर ही वास्तू त्याचे स्मारक म्हणून राहावी, ही काळजी तिनेच वाहिली.

घरामागे हिरवळीवर दोघांच्या कबरी आहेत. साध्या शिळा, थाटमाट नाही. एडिसनचा आत्म्याच्या अमरत्वावर विश्वास नव्हता. १९१० साली एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत त्याने तसे उघडपणे सांगितले आणि मोठे वादळ उठले होते. मी धर्मगुरू, माझी श्रद्धा वेगळी. पण त्या शिळांसमोर वाद घालावा असे मला वाटले नाही. एका विरोधाभासाने मात्र मी थक्क झालो. आत्मा उरत नाही म्हणणाऱ्याची प्रत्येक चिठ्ठी येथे उरली आहे. आणि आत्मा अमर आहे असे दर रविवारी वेदीवरून सांगणाऱ्या मी माझ्या बापाची एक कानसही उरू दिली नाही. श्रद्धा असली म्हणजे स्मरणाचे कष्ट आपोआप माफ होतात, असे आपण समजून चाललो आहोत काय?

गावी परतल्यावर मी भावाला विचारले, “बाबांचे काहीच शिल्लक नाही का रे?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “व्हाइस तेवढा आहे. भंगारवाला येण्याच्या आदल्या दिवशी मी तो एकाला दिला.” तो एक म्हणजे बाबांच्या हाताखाली काम शिकलेला शेजारच्या आळीतला मुलगा. आता तो मुलगा राहिलेला नाही. केस पिकले आहेत, स्वतःचे लहानसे वर्कशॉप आहे. मी त्याच्याकडे गेलो. फळीवर बोल्टांनी आवळलेला तो व्हाइस पाहताक्षणी ओळखला. त्याच्या दांड्याचा मधला भाग झिजून गुळगुळीत झाला होता. “सगळ्या यंत्रांना दर वर्षी रंग देतो, फादर,” तो म्हणाला, “ह्याला नाही देत. बाबांचा हात लागलेला आहे ना.” मी विचारले, “बहिऱ्या माणसाकडून तू शिकलास तरी कसा?” त्यावर त्याने चालू मोटारीवर आपला पंजा सपाट टेकवून दाखविला. “बेअरिंग गेले असले तर हाताला कळते. बाबांनीच शिकवले. कानापेक्षा हात खरा, असे ते म्हणायचे.”

त्या दिवशी मी तेथे दोन तास बसलो आणि बाबांविषयी तो जे जे सांगत होता ते ते एका वहीत लिहून घेतले. कुणाच्या विहिरीवरचे कोणते इंजिन त्यांनी कसे चालू केले, कुणाकडून पैसे घेतले नाहीत, कुणाला फैलावर घेतले. त्यानंतर इतर घरीही गेलो. वही अजून पुरी झालेली नाही.

सर्वच घरांची स्मारके होत नाहीत, आणि होण्याची गरजही नाही. जागा लहान, कुटुंबे वाढती. जुन्या वस्तू कोठवर सांभाळणार? तरीही एक विनंती करावीशी वाटते. वडीलधारे गेल्यानंतर पडवी रिकामी करण्याची घाई झाली, तरी भंगारवाल्याचा काटा येण्यापूर्वी एक संध्याकाळ त्या वस्तूंजवळ बसा. कोणत्या वस्तूने कोणते काम होत असे, हे जाणणाऱ्या कुणाला तरी बोलावून विचारा. आणि ते हयात असतील, तर त्याहून बरे. आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय आहे. त्यांचा आवाज, त्यांचे खोकणे, त्यांचे बेसूर गाणेदेखील, नोंदवून ठेवा.

आमच्या चर्चमध्ये हार्मोनियमजवळ अलीकडे मी एक खुर्ची ठेवविली आहे. गायकवृंदातील मुले विचारतात, “फादर, ही कुणासाठी?” ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, असे मी सांगतो. गेल्या नाताळात एक आजी तेथे येऊन बसल्या. पहिले गीत सुरू झाले तेव्हा, कुणीही न सांगता, त्यांनी आपला हात अलगद लाकडावर ठेवला.